जुनाच कर्नेल

१५ ऑगस्ट १९९९, रविवार

कारखान्यावरचं झेंडावंदन उरकून क्वार्टरवर आलो, तर दारात जीप उभी. राजेश्वर, वर्षाचा थोरला भाऊ. उद्या नागपंचमी, बहिणीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून धारूरहून आला होता. त्याच्या कापडाच्या दुकानात कितीही गर्दी असो, पंचमीच्या आदल्या दिवशी हा हजर म्हणजे हजर. चहा पिता पिता त्याने सगळं क्वार्टर डोळ्यांखालून घातलं. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला ओल आणि टेबलावर पोट फाडून ठेवलेला कॉम्प्युटर. "दाजी, पुण्यात असं नव्हतं ना तुमचं?" म्हणाला. पुण्यातली माझी कंपनी बंद पडली हे सगळ्या धारूरला ठाऊक आहे, मग विचारायची गरज काय?

निघताना वर्षा जीपपाशी घुटमळली. "पंचमी झाली की मग?"

मी म्हणालो, "मग काय? बघू. इथं सध्या आहे काय? नेटवर्क चालू होऊ दे, मला कायम करू देत, क्वार्टर जरा माणसांत आणतो. मग ये निवांत."

"म्हंजे कोण..." असं काहीतरी ती म्हणणार होती, तेवढ्यात राजेश्वरने हॉर्न वाजवला. संध्याकाळी स्टोव्हवर भात टाकला. तळाला लागला. खाल्ला.

२० ऑगस्ट, शुक्रवार

या वहीत लिहितो, कारण बोलायला माणूस नाही. ऊस संपला की कारखान्याची कॉलनी ओस पडते. निम्म्या क्वार्टरांना कुलूप आहे. जे आहेत त्यांना मी काय करतो ते कळत नाही. शेतकी अधिकारी उत्तरेश्वरराव सगळ्यांना सांगत फिरतात, की अण्णाराव आडतवाल्यांचा संगमेश, म्हणजे मी, कारखान्यात केबल टीव्ही आणतोय. मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरं बरं, पन चॅनेल किती?"

काम तसं सोपं आहे. उसाच्या गाडीचं वजन काट्यावर होतं. वजनाची चिठ्ठी घेऊन शिपाई सायकलवर शेतकी ऑफिसात जातो, तिथून अकौंट्सला. चिठ्ठी इकडची तिकडे झाली की गाडी अडकते, बैल जुंपलेले तसेच उभे. मी चेअरमन सुंदररावांना म्हणालो, तिन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर तारेने जोडतो. मधे टाइम ऑफिसात एक पेटी ठेवायची. तिन्ही तारा तिच्यात येतील आणि कुठला निरोप कुठल्या तारेवर सोडायचा ते ती ठरवेल. तसली पेटी विकत आणायला संचालक मंडळ तयार नाही. मग मीच बोलून बसलो, की अडगळीतल्या जुन्या कॉम्प्युटरला तीन तारांसाठी तीन कार्डं बसवतो, त्यावर लिनक्स घालतो आणि त्याचीच पेटी करून दाखवतो. हंगामाची मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आत.

चेअरमनसाहेब म्हणाले, "जमलं तर तुमाला कायम करू. न्हाई जमलं तर तुमी तुमच्या वाटेनं." हसत म्हणाले, पण म्हणाले.

२८ ऑगस्ट, शनिवार

तीन कार्डांपैकी दोन बोलतात, तिसरं मुकं. आणि ते का मुकं आहे ते मला कळलं आहे, पण हा आनंद सांगायचा कुणाला? म्हणून इथे.

लिनक्सचा जो गाभा असतो तो कर्नेल. प्रत्येक कार्डासाठी त्याच्यात एक तुकडा बसवावा लागतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. तुकडा ज्या कर्नेलसाठी घडवला असेल त्याच कर्नेलला चालतो. नंबरात जरा फरक पडला की तो तुकडा घेतच नाही. कार्डासोबत फ्लॉपीवर जे मॉड्यूल आलं आहे ते जुन्या कर्नेलचं. माझा मासिकाच्या सीडीवरून घातलेला, २.२.५ नंबरचा. दोघांचं जुळत नाही. संपला विषय.

दुपारी टेबलाखाली शिरून तारा बघत होतो तेव्हा ताराबाई आल्या. या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर असतात. भोकांत वायरी खुपसून इकडचा फोन तिकडे जोडतात. कोण कुणाशी काय बोललं हे त्यांना माहीत नाही असं कधी होत नाही.

"साहेब, धारूरचा फोन आलता. बाईसाहेब होत्या."

"काय म्हणाली?"

"काई न्हाई म्हन्ल्या, सहज केलता."

सहज, म्हणजे काही काम नव्हतं. उगाच बाहेर आलो नाही ते बरं झालं.

३० ऑगस्ट, सोमवार

मॉड्यूल जबरदस्तीने बसवायची एक सोय आहे. करू नये असं पुस्तकात लिहिलं आहे. केलं. बसलं! तिसऱ्या कार्डाचा हिरवा दिवा लागला आणि मी एकटाच टाइम ऑफिसात टाळ्या वाजवल्या. चहा संपायच्या आत सगळा कॉम्प्युटर थिजला. कुठलीही कळ दाबा, ढिम्म. शेवटी प्लग उपटला.

श्रावणी सोमवार होता. वर्षा असती तर उपासाला भगर तरी झाली असती.

११ सप्टेंबर, शनिवार

पोळ्याची पुरणपोळी घेऊन आप्पा घाटनांदूरहून आले. आडत बंद ठेवून आले, म्हणजे काहीतरी बोलायचं असणार. खाटेवर बसले, इकडे तिकडे पाहिलं.

"सूनबाई?"

"धारूरलाच आहे."

"पोळा झाला की रे."

"येईल ना आप्पा."

"येईल म्हंजे? आणायला कोण गेलतं?"

मला हसू आलं. म्हणालो, "आप्पा, ती बी.कॉम. झालेली बाई आहे. पुण्यात एकटी सिटी बसने फिरायची. धारूरहून अंबाजोगाई, तिथून इकडे. दोन एसट्या. त्यात आणायला काय जायचं?"

आप्पांनी पुरणपोळीचा डबा उघडला. मग म्हणाले, "तुजी आई असती तर तिनं मला कवाच धाडलं असतं. मला बाबा यातलं सुचत न्हाई." पोळी ताटात काढून दिली आणि तीनच्या गाडीने गेले. म्हातारपणी माणूस जुन्या गोष्टी धरून बसतो.

खरं लिहायचं तर धारूरला जायची मला लाज वाटते. राजेश्वर दुकानाच्या गादीवरूनच, गिऱ्हाइकांसमोर, विचारणार, "काय दाजी, झालं का चालू?" नाही झालं हे किती वेळा सांगायचं? एकदा चालू झालं की ताठ मानेने फोन करीन.

२२ सप्टेंबर, बुधवार

लातूरला जाऊन आलो. रस्त्याने प्रचाराच्या जीपा, कर्णे, दोन निवडणुका एकदम. लातूरला एक नवं सायबर कॅफे निघालं आहे, तिथे इंटरनेटवर बसलो. मागच्या खेपेला एका लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर माझी अडचण लिहून आलो होतो. उत्तर आलं होतं! दोन ओळी. फ्लॉपीवरचं मॉड्यूल विसर, कार्डाचा मूळ प्रोग्राम उतरवून घे, नव्या कर्नेलचा सोर्स घे, त्यात तारा जोडणारा ब्रिजचा भाग चालू कर आणि दोन्ही तुझ्याच मशिनवर कंपाइल कर, म्हणजे नव्याने घडव.

त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. माझं म्हणणं ज्याला कळलं असा हा गेल्या कित्येक दिवसांतला पहिला माणूस, आणि तो कुठल्या देशातला आहे तेही मला माहीत नाही. आभाराचं उत्तर जरा लांबलंच. त्यात इथल्या पावसाचंही लिहिलं होतं, ते मग खोडलं.

कर्नेलचा नंबर २.२.१२. फ्लॉप्यांवर तुकडे करून आणला. येताना दोन फ्लॉप्या खराब निघाल्या, पुन्हा जावं लागणार.

५ ऑक्टोबर, मंगळवार

आज सकाळपासून कर्नेल कंपाइलला लावला. जुनं मशिन, ओळी मुंगीच्या पावलांनी सरकतात. त्यात लाइटचा भरवसा नाही. देवाला नमस्कार केला आणि पडद्यासमोर बसून राहिलो.

दुपारी ताराबाईंनी धारूरचा फोन टाइम ऑफिसला जोडला.

"जेवलात का?" वर्षा.

"हो. ऐक ना, आत्ता कंपाइल चाललंय, लाइट कधी जाईल सांगता येत नाही."

"इथं आई विचारत होती..."

"काय?"

फोन कटला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"काई न्हाई. तुमचं झालं का?"

"होत आलंय."

"बरं. ठेवते मंग."

शहाणी आहे. कामात असलो की ताणून धरत नाही.

कंपाइल नीट पार पडलं. मॉड्यूलही तयार झालं. मशिन बंद करून चालू केलं, मॉड्यूल बसवायला गेलो, तर पडद्यावर तेच: मॉड्यूल २.२.१२ कर्नेलसाठी बनवलेलं आहे, हा कर्नेल २.२.५ आहे. म्हणजे मॉड्यूल घडवतानाच माझं काही चुकलं. पुन्हा करतो.

१९ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

आज बॉयलर पेटवला. दरवर्षी दसऱ्याला पेटवतात आणि पूजेला जोडपी बसवतात. यंदा उत्तरेश्वरराव आणि त्यांच्या मंडळी बसल्या होत्या. झाल्यावर बाकीच्या जोडप्यांनीही एकेक करून समिधा टाकायच्या. माझी पाळी आली तेव्हा भटजी म्हणाले, "मंडळी?" मी म्हणालो, माहेरी आहेत. "बाळंतपणाला का?" मागून कुणीतरी बाईने विचारलं. नाही म्हणालो. मग कुणीच काही विचारलं नाही, ते जास्त वाईट होतं. एकटा समिधा टाकून बाजूला झालो.

आपट्याची पानं वाटली. ताराबाईंना दिली तर म्हणाल्या, "सोनं बाईसाहेबाला द्यायला कवा जाताव?"

"काम झालं की तीच येईल."

"आपल्या आपण?" त्यांनी पानं पदराला बांधली. "अस्सं."

यांना बोर्डावर बसून बसून दुसऱ्यांच्या संसारात वायरी खुपसायची सवयच लागली आहे. पण घरी आल्यावर फार एकटं वाटलं. तिच्यासाठी काढून ठेवलेली पानं खिशातच होती. ती खुंटीवरच्या पिशवीत ठेवली.

२७ ऑक्टोबर, बुधवार

तिसऱ्यांदा कंपाइल केलं. तिसऱ्यांदा तेच वाक्य. कार्ड बदललं, जागा बदलली, मॉड्यूल नव्याने घडवलं. हे मॉड्यूलच हट्टी आहे, दुसरं काही नाही. मोळी तीन तारखेला ठरली. चेअरमनसाहेब आज काट्यापाशी भेटले. "काय संगमेश, केबल लागली का?" तेही केबलच म्हणतात आता.

दुसऱ्या आघाडीवर मात्र प्रगती आहे. क्वार्टरला चुना दिला. न्हाणीला दार बसवलं. गॅसचा नंबर लागला, शेगडी आली. अंबाजोगाईहून निळं कापड आणून खिडकीला पडदे शिवून घेतले. तिला निळा आवडतो. ती एसटीतून उतरेल, फाटकातून चालत येईल आणि लांबूनच तिला पडदे दिसतील. काय म्हणेल? मी बाहेर रस्त्यावर जाऊन, तिला जिथून दिसतील तिथे उभा राहून बघून आलो. दिसतात.

आता काही म्हणजे काही कमी नाही. फक्त ते तिसरं कार्ड.

३० ऑक्टोबर, शनिवार

गाढव आहे मी. या वहीत दुसरा शब्द सुचत नाही.

सकाळी मशिन चालू केलं आणि पासवर्ड टाकायच्या आधी जी दोन ओळींची पाटी येते ती सहज वाचली. कर्नेल २.२.५. रोज येते ती पाटी. रोज समोर होती. मशिन जुनाच कर्नेल उचलत होतं! मी नवा घडवला, त्याच्या जागी नेऊन ठेवला, त्याच्या मापाचं मॉड्यूल केलं, सगळं केलं. पण चालू होताना कुठला कर्नेल उचलायचा ते ठरवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, लिलो. नवा आलाय, आता त्याला घेऊन ये, असं त्याला एकदा सांगावं लागतं. ते मी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे नवा बिचारा डिस्कवर तयार होऊन बसलेला आणि त्याला घ्यायला कुणी जातच नव्हतं. आणि मी दोष देत होतो मॉड्यूलला.

एक आज्ञा. चार इंग्रजी अक्षरांची. दिली, मशिन पुन्हा चालू केलं, पाटीवर २.२.१२. मॉड्यूल बसवलं, मुकाट्याने बसलं. तीन हिरवे दिवे. काट्यावरून आकडा सोडला, शेतकीत दिसला, अकौंट्सला दिसला. मी सायकल काढली आणि काट्यापासून अकौंट्सपर्यंत उगाचच दोन चकरा मारल्या. कुणी विचारलं नाही काय झालं म्हणून.

वर्षाला आज सांगणार नाही. मोळीच्या दिवशी गाड्यांवर चालू दे, मग.

३ नोव्हेंबर, बुधवार

मोळी पडली. गव्हाणीत पहिला ऊस पडला, नारळ फुटले, हलगी वाजली. काट्यावर पहिल्या गाडीचं वजन झालं आणि शेतकीत उत्तरेश्वररावांच्या समोर आकडा उमटला. चिठ्ठी नाही, सायकल नाही. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लई झाक. पन चॅनेल?" चेअरमनसाहेब मात्र सगळ्यांदेखत पाठीवर थाप मारून म्हणाले, पुढच्या मीटिंगला कायमचा ठराव.

पळत बोर्डावर गेलो. ताराबाईंनी धारूर लावून दिलं. फोन राजेश्वरच्या दुकानात, आतून वर्षाला बोलावलं.

"वर्षा, झालं! आज पहिल्या गाडीपासून चालू. कायमही करतायत."

"बरं झालं." आवाज खरंच आनंदी वाटला.

"गॅस आलाय. न्हाणीला दार. पडदे लावलेत, निळे."

"हं."

"मग कधी येतेस?"

पलीकडे दुकानातली कात्री चाललेली ऐकू येत होती.

"तुमी न्यायला येणार हाव का?"

"अगं दोन तर एसट्या..."

"एसटी मला म्हाईत हाय." आवाज बारीक केला, दुकानात माणसं असणार. "पंचमीला आलेल्या गल्लीतल्या समद्या पोरी पोळ्याच्या आत गेल्या. कुणाला दीर आलता, कुणाला सासरा. आईला बाया विचारतेत, तुमच्या लेकीला कावून कुणी नेलं न्हाई, टाकली का काय. आईनं काय सांगायचं? मी किती फोन केले. म्हन्लं, आता म्हणतेल, येतो म्हणून. तुमी आपलं, होत आलंय, होत आलंय."

"मला वाटलं क्वार्टर..."

"क्वार्टर कुणी मागितलं होतं तुमाला? ओल होती तवा मी राहिले नव्हते का? आन् मी आपली आपण पिशवी घेऊन स्टँडवर हुबी राहिले असते, तर बायांना खरंच वाटलं असतं. तुमी एकदा तरी म्हणायचं."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "ठेवते. दादा आला."

ताराबाई सगळं ऐकत होत्या, अर्थात. त्यांनी वायर काढली, गुंडाळली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अंबाजोगाईची पहिली गाडी सहाला हाय, साहेब."

४ नोव्हेंबर, गुरुवार

धारूरला जाऊन आलो.

राजेश्वर दुकानाच्या गादीवर होता. "काय दाजी, झालं का चालू?" असं त्याने विचारलं नाही. उठला, सरकून जागा दिली, पाणी आणवलं. त्याने चेष्टा केली असती तर बरं वाटलं असतं. आत गेलो. सासूबाई नीलाबाई चकल्यांचं पीठ मळत होत्या. खुंटीवरच्या पिशवीतून काढून नेलेली आपट्याची पानं वर्षाला दिली. पार वाळून चुरा झाला होता. तिने घेतली.

मी म्हणालो, "न्यायला आलोय."

सासूबाई म्हणाल्या, "आता दिवाळी तोंडावर आली, जावई. सणाच्या तोंडावर लेक लावून देत न्हाईत. भाऊबीज होऊ द्या. मंग व्याह्यांना घेऊन या, रीतसर न्या." रागाने नाही म्हणाल्या. मला वाटतं, गल्लीला दिसायला हवं.

मी वर्षाकडे पाहिलं. ती म्हणाली, "आप्पांना घेऊनच या." मग आत जाऊन एक पिशवी घेऊन आली. "ही तुमच्यासंगं जाऊ द्या म्होरं. भरलेलीच हाय."

"पंचमीच्या दुसऱ्या दिवशी भरून ठेवली तिनं," सासूबाई पिठाकडे बघत म्हणाल्या. "त्यातलं एक लुगडं मला धुवायला काढू दिलं न्हाई."

राजेश्वर स्टँडवर सोडायला आला. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. वर ठेवा म्हणून कंडक्टर दोनदा म्हणाला, नाही ठेवली. उतरून फाटकातून चालत आलो. निळे पडदे लांबूनच दिसत होते.

उद्या घाटनांदूरला जाऊन आप्पांना सांगतो. ते काही बोलणार नाहीत, कोट तेवढा इस्त्रीला टाकतील.

पिशवी उघडली. साड्या, तिचं विभूतीचं डबडं, कंगवा. सगळ्यात खाली स्टीलचा डबा. शेंगदाण्याचे लाडू, पंचमीचे, माझ्यासाठी बांधलेले. खवट झालेत. टाकवत नाहीत. लिहिता लिहिता एक संपला, आता दुसरा घेतला आहे.